रक्तातला दाह आणि आतड्याचा कर्करोग: दोन दशकांचा मागोवा

मोठ्या आतड्याच्या कर्करोगात रुग्णाचं पुढे काय होईल हे ठरवायचं, तर गाठ पाहायची, ही वैद्यकशास्त्राची जुनी रीत. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातल्या कथबर्ट ड्यूक्स यांनी 1932 साली गुदाशयाच्या कर्करोगाचे टप्पे मांडले. गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल गेली आणि लसिकाग्रंथींपर्यंत पोचली का, हे त्यांचे निकष. आजची टीएनएम (गाठ, लसिकाग्रंथी आणि दूरचा फैलाव पाहणारी) पद्धतही त्याच वाटेवरची. तरीही एकाच स्टेजच्या दोन रुग्णांपैकी एक वर्षानुवर्षं ठणठणीत राहतो आणि दुसऱ्याचा आजार लवकर उलटतो. असं का, याचं उत्तर गेल्या दोन दशकांत गाठीबाहेर, रक्तात शोधलं गेलं.

शोधाची मुळं जुनी आहेत. 1863 साली रुडॉल्फ व्हिरचो यांनी गाठींमध्ये पांढऱ्या पेशी पाहिल्या आणि दाह व कर्करोग यांचं नातं सुचवलं. 1930 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सीआरपी (सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन) हे दाहात वाढणारं प्रथिन सापडलं. पण कर्करोगाच्या रुग्णासाठी त्याचा पद्धतशीर उपयोग व्हायला एकविसावं शतक उजाडलं.

2003 साली ग्लासगोच्या संशोधकांनी फुप्फुसाच्या कर्करोगात सीआरपी आणि अल्ब्युमिन (रक्तातलं आणखी एक प्रथिन) यांची सांगड घालून गुणांकन केलं. 2007 मध्ये डोनाल्ड मॅकमिलन आणि सहकाऱ्यांनी त्याचं सुधारित रूप आतड्याच्या कर्करोगात तपासलं. सीआरपी लिटरला 10 मिलिग्रॅमपर्यंत असेल तर शून्य गुण, त्याहून जास्त असेल तर एक, आणि सोबत अल्ब्युमिनही 3.5 ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर दोन. जितके गुण जास्त, तितकं आयुर्मान कमी. याच सुमारास सीबीसीच्या (रक्तपेशींच्या नेहमीच्या मोजणीच्या) रिपोर्टमधला न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा भागाकारही चर्चेत आला. न्यूट्रोफिल 80 टक्के आणि लिम्फोसाइट 16 टक्के असतील, तर गुणोत्तर 5. वेगळी तपासणी नाही, जादा खर्च नाही.

यामागचं शरीरशास्त्रही सुसंगत आहे. गाठीभोवतीच्या पेशी इंटरल्यूकिन-6 सारखी रसायनं सोडतात. त्यामुळे यकृत सीआरपी वाढवतं आणि अल्ब्युमिन कमी बनवतं. न्यूट्रोफिल वाढतात आणि गाठीला वाढायला हातभार लावू शकतात. कर्करोगाच्या पेशी मारणारे लिम्फोसाइट मात्र घटतात. रुग्णाची भूक, वजन आणि ताकद ओसरण्यातही या दाहाचा वाटा असतो.

मग शोधनिबंधांचा पूर आला. 2014 साली वेगवेगळ्या कर्करोगांवरचे 100 अभ्यास आणि 40 हजारांहून अधिक रुग्ण एकत्र तपासले गेले. न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट गुणोत्तर जास्त असलेल्यांत मृत्यूचा धोका सुमारे 1.8 पट निघाला. पण या क्षेत्रातले बहुतेक अभ्यास जुन्या केसपेपरांवर बेतलेले. कुणाची सीमारेषा 3, कुणाची 5. शिवाय जंतुसंसर्ग, स्टेरॉइड किंवा आतड्यातला अडथळा यांनीही हेच आकडे बिघडतात. संसर्गजन्य आजार भरपूर असलेल्या आपल्या देशात स्कॉटलंडची सीमारेषा जशीच्या तशी लावणं म्हणूनच धोक्याचं.

पॅरिसच्या जेरोम गॅलों यांनी वेगळी शिस्त दाखवली. गाठीतल्या लिम्फोसाइटची संख्या आणि जागा महत्त्वाची आहे, हे त्यांच्या गटाने 2006 मध्ये मांडलं. पुढे अनेक देशांनी एकाच पद्धतीने मोजणी केली आणि 2018 मध्ये 2,681 रुग्णांवर ती कसोटीला उतरली. रक्ताच्या गुणोत्तरांना असं एकमत अजून लाभलेलं नाही.

दाह औषधाने कमी केला तर? भारतासह अनेक देशांत झालेल्या ॲस्कॉल्ट चाचणीत ऑपरेशन आणि केमोनंतर तीन वर्षं ॲस्पिरिन देऊनही ठळक फायदा दिसला नाही. 2025 साली प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियातल्या अलास्का (ALASCCA) चाचणीत मात्र ॲस्पिरिनने आजार उलटण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. तिथले रुग्ण गाठीतल्या विशिष्ट जनुकबदलांवरून निवडले होते, सीआरपीवरून नव्हे. म्हणजे निवड पुन्हा गाठ पाहूनच झाली.

सीआरपीचा भक्कम उपयोग एका साध्या ठिकाणी सिद्ध झाला. ऑपरेशननंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी ते कमी असेल, तर आतड्याचा सांधा गळत असण्याची शक्यता फार कमी. त्या आकड्यावर सर्जन निर्णय घेऊ शकतो, म्हणून तो कामाचा.

या दोन दशकांचा धडा मला यातच दिसतो. भाकीत करणारे आकडे आपल्याकडे पुरेसे आहेत. त्यांवरून उपचार बदलले तर रुग्ण जास्त जगतो का, हे तपासणाऱ्या चाचण्या हव्यात, आणि त्या भारतातही व्हायला हव्यात. तोवर सीआरपी वाढलेला आणि अल्ब्युमिन घटलेला रुग्ण समोर आला, तर दडलेला संसर्ग शोधणं, त्याच्या आहाराची आणि हालचालीची ऑपरेशनआधीच सोय लावणं हे आपल्या हातात आहे. रुग्णानेही एका गुणोत्तरावरून आपलं आयुष्य मोजू नये. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना विचारावं, ‘यातलं काय सुधारता येईल?’