फोनवर मागवलेला षड्ज

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्यासाठी फोन येतो, तेव्हा पलीकडचा माणूस बहुधा आधी किंमत विचारतो. कारागीर उत्तरादाखल पट्टी विचारतो. "गाणार कोण? काळी एक की काळी चार?" मी ज्या कारखान्यात जाऊन बसत असे, तिथले चाचा हा प्रश्न सुटल्याशिवाय रुपयांचा आकडा उच्चारत नसत.

यात आडमुठेपणा नाही. काळी एक, काळी दोनमध्ये गाणाऱ्या पुरुषाला मोठा भोपळा, लांब दांडी आणि जाड तारा लागतात. असा जेन्ट्स तंबोरा 5 फुटांच्या आसपास जातो. काळी चार-पाचच्या स्त्रीस्वरासाठी भोपळा लहान, तारा बारीक. एकाच्या तारा दुसऱ्याच्या पट्टीत ओढल्या, तर त्या तुटतात किंवा ढिल्या पडून नुसत्या फडफडतात. म्हणून रंग आणि नक्षी वहीत शेवटी उतरतात. वरच्या ओळीत पट्टी, तारा चार की पाच आणि पहिली तार पंचमाची की आणखी कशाची, हे लिहिलेलं असतं. मालकंसात पंचम नाही, तिथे पहिली तार मध्यमाला उतरते. मारव्यासाठी ती निषादाला लागते. गाणारा कोणते राग जास्त गातो, हे फोनवर विचारावंच लागतं.

पुष्कळांना आपली पट्टी सांगता येत नाही. मग चाचा म्हणतात, "सा लावा, ऐकतो." फोन कानाशी, दुसरा हात पेटीवर. पलीकडून बिचकत आलेला सा ते सुरांवर शोधतात आणि लगेच विचारतात, "या सा वरून वरच्या पंचमाला सहज जाता का? खाली मंद्र पंचम लागतो का?" दोन्हीकडे आवाज मोकळा असेल तरच ती पट्टी वहीत जाते. एकदा एका वडिलांनी तेरा वर्षांच्या मुलासाठी मोठा तंबोरा मागितला. चाचा म्हणाले, "दादा, पोराचा आवाज अजून फुटायचाय. तो कुठं स्थिरावतो बघू. तोवर इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यावर भागवा." ऑर्डर हातची गेली, पण माझ्या लेखी त्या दिवशीचं सगळ्यात चोख काम तेच.

गिऱ्हाईकाचा सा फोनमधून येतो, तंबोऱ्याचा मात्र नीट जात नाही. साध्या टेलिफोनवर साधारण 300 ते 3400 हर्ट्झमधलाच आवाज जातो. काळी एकला लावलेल्या खर्जाच्या तारेचा मूळ स्वर सुमारे 69 हर्ट्झचा. त्याच तंबोऱ्याची जोड आणि पंचमही मूळ स्वरानं 300च्या खालीच राहतात. वरच्या टोकाला जवारीची, म्हणजे तारेच्या झंकाराची, झळाळी कापली जाते. मोबाइलमध्ये आणखी एक अडचण आहे. भोवतालचा एकसारखा चालणारा आवाज तो गोंगाट समजून दाबतो, आणि तंबोरा तर अखंड एकसारखाच वाजायला हवा. "वाजवून ऐकवा ना" असा हट्ट कुणी धरला की दोन-चार आवर्तनांत पलीकडे सूर विरायला लागतो.

मग जवारी शब्दांतच ठरवावी लागते. घोडीचा माथा कानसेनं किती उतार देऊन घासायचा, यावर तारेचा झंकार अवलंबून असतो. गिऱ्हाईक म्हणतं, "गोड हवा." गोड म्हणजे प्रत्येकाचं वेगळं, म्हणून चाचा खोदून विचारतात: झंकार लांबवर पसरलेला हवा की आखूड, गोल? मैफलीत माइकसमोर वाजणार की घरी रियाजाला? तुमच्या गुरुजींचा तंबोरा कसा बोलतो? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात कामाचं, कारण शिष्याच्या कानात तोच आवाज भरलेला असतो. "खुली जवारी, रियाज, घरात" एवढे चार शब्द वहीत पडतात आणि पुढे कानस त्यांच्यावर चालते.

"कधी मिळेल?" याचं उत्तरही जपून द्यावं लागतं. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात आणि पुरते वाळल्याशिवाय त्यांना हात लावता येत नाही. हव्या घेराचा, चांगल्या गोलाईचा भोपळा माळ्यावर नसेल, तर कितीही घाई केली तरी तो उगवत नाही. पावसाळी दमट हवेत लाखेचं पॉलिश पांढुरकं पडतं. हे सगळं आधीच सांगून टाकलं की पुढचे निम्मे फोन वाचतात.

वाद्य पोचल्यावर आणखी एक फोन येतोच. प्रवासासाठी तारा सैल करून पाठवलेल्या असतात. त्या हळूहळू चढवायच्या, मग तारेखालचा दोरा घोडीवर केसभर पुढे-मागे सरकवायचा. "थांबा, आता खुललं," हे मात्र गिऱ्हाईकानंच म्हणायचं असतं, कारण तो आवाज फक्त त्याच्याच खोलीत आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेबांनी इथं वाद्यं घडवायला घेतली. 2024 साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या मानांकनामागचं कौशल्य हातात आहे, तसंच या विचारपुशीतही आहे. वेबसाइटच्या रकान्यांत रंग निवडता येतो, नक्षी निवडता येते; "वरचा पंचम सहज लागतो का" हे विचारायला माणूसच लागतो. तंबोरा मागवायचा असेल, तर फोन करण्याआधी गुरूंसमोर बसून आपली पट्टी पक्की करा, कोणते राग गाता ते लिहून काढा, आणि कारागिरानं सा लावायला सांगितला तर संकोच न करता लावा. तुमचं वाद्य त्या सा पासूनच घडायला लागतं.