स्वहस्तें दुरुस्त केलेली मोटार अडखळूं लागल्यास

ज्या वाड्यापुढें पूर्वीं दमणी सुटलेली असे, तेथें आतां एखादी जुनी मोटार उभी दिसते. आमच्या नांदेड व लातूर जिल्ह्यांतील पुष्कळ बागाइतदारांच्या घरचा हा प्रकार आहे. गॅरेज तालुक्याच्या गांवीं, आणि मिस्त्रीची मर्जी व धन्याची सवड यांची गांठ क्वचितच पडते. त्यामुळें प्लग बदलणें, हवेचा फिल्टर झाडणें असलीं किरकोळ कामें धनी स्वतःच करूं लागला आहे. तें वाईट नाहीं. अडचण पुढें येते. काम उरकल्यावर गाडी सुरू होते खरी, पण एकसारखी चालत नाहीं. ठेंचाळल्यासारखी झटके देते व चढावर दम सोडते. गॅरेजवाले यास ‘मिसिंग’ म्हणतात. महसूल खात्यांत जन्म घालविलेल्या कारकुनानें या विषयावर लेखणी चालवावी हें चमत्कारिक दिसेल. परंतु गेल्या हिवाळ्यांत हा प्रसंग मजवरच गुदरला व त्यांत तीन जीव थोडक्यांत वाचले, म्हणून जें शिकलों तें लिहितों.

माझी गाडी मारुति ८००, जुन्या कार्बोरेटरची, तीन सिलिंडरांची. ही गाडी १९८३ च्या डिसेंबरांत प्रथम रस्त्यावर आली आणि २०१४ सालीं तिचें उत्पादन थांबलें. तरी खेड्यांतून ती अद्याप टिकून आहे, कारण झांकण उघडतांच सर्व कांहीं हाताशीं लागतें. एका रविवारीं मीं तिचे तिन्ही प्लग व त्यांच्या वायरी नव्या घातल्या आणि फिल्टर झाडून बसविला. मधल्या प्लगची नवी टोपी एकदां तिरपी बसली व निघेना, म्हणून ती पक्कडीनें धरून ओढली. ही पक्कड वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

दुसरे दिवशीं अहमदपुराहून लातूरच्या बाजारांत तुरीचा नमुना दाखविण्यास निघालों. बरोबर आमचें कुटुंब व पुतण्या. उभ्या गाडीस किंचित् कंप होता, तो थंडीचा समजून मीं दुर्लक्ष केलें. चाकूरच्या अलीकडे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा एक ट्रॅक्टर पुढें होता. रस्ता मोकळा पाहून मीं गाडी बाजूस घेतली व पाय दाबला. तों इंजिनानें तीन चार झटके दिले आणि गाडी पुढें जाण्याऐवजीं मागें ओढल्यासारखी झाली. समोरून टेंपो येत होता. ब्रेक लावून ट्रॉलीच्या मागें कसाबसा परत शिरलों. ट्रॉलीबाहेर आलेला ऊस कांचेवर घासला. तेवढ्यावर निभावलें.

लातुरांत एका गॅरेजांत गाडी दाखविली. तेथील गृहस्थानें आवाज ऐकूनच सांगितलें कीं, व्हॉल्व्ह जळाला आहे, हेड उतरावें लागेल. आंकडा ऐकून मी गाडी हळूहळू चालवीत घरीं आणली. पुतण्या म्हणाला, “काका, तुम्ही कार्बोरेटरच नवा टाका.” मीं म्हटलें, “अरे, शनिवारपर्यंत कार्बोरेटर बरा होता ना?”

सात-बाऱ्यावर वाद निघाला म्हणजे आम्ही आधीं शेवटचा फेरफार काढून पाहत असूं. कालपर्यंत उतारा बिनतक्रार होता आणि आज तंटा उभा राहिला, तर चूक बहुधा त्या शेवटच्या नोंदींत सांपडते. गाडीचें तसेंच आहे. दुरुस्तीपूर्वीं जें नीट चालत होतें व ज्यास तुमचा हात लागला नाहीं, त्यावर प्रथम संशय घेणें म्हणजे पैसा व्यर्थ दवडणें होय. मीं कागदावर लिहिलें: फिल्टर, प्लग, वायरी. आणि त्याच क्रमानें चौकशी केली.

फिल्टरचा डबा उघडतांना बाजूची एक बारीक रबरी नळी निसटली होती, ती तशीच राहिलेली आढळली. अशा वाटेनें जादा हवा आंत शिरते व मिश्रण पातळ होतें. याची खूण अशी कीं, संथ चालीवर इंजिन थरथरतें आणि वेग वाढला कीं बहुधा सुधारतें. नळी बसवितांच उभ्या गाडीचा कंप पुष्कळसा गेला. मला वाटलें काम झालें. पण गांवाबाहेरच्या चढावर तेच झटके. म्हणजे एका गाडींत दोन दोष, आणि दोन्ही माझ्याच हातचे.

जोरावर असतांना अडखळणें हें बहुतेक ठिणगीच्या दुबळेपणाचें लक्षण असतें, त्याचें कारण समजून घ्यावें. बॅटरीचे बारा व्होल्ट ठिणगीस पुरत नाहींत. कॉइल त्यांचे हजारों व्होल्ट करते व जाड वायरीतून ते प्लगास पोंचवते. पाय दाबला म्हणजे सिलिंडरांत मिश्रण अधिक भरतें, दाब वाढतो, आणि प्लगच्या टोकाची फट ओलांडणें विजेस अवघड होतें. वीज पाण्याच्या जातीची आहे. चारीस मध्येंच भगदाड असेल तर पाणी शेवटच्या शेतास पोंचत नाहीं. तशी वायरीच्या रबरास भेग असेल तर वीज प्लग सोडून जवळच्या धातूंत उतरते. उभ्या गाडींत दाब कमी, म्हणून दोष झांकलेला राहतो.

कोणता सिलिंडर आळशी आहे हें असें पाहावें. इंजिन बंद करून एका प्लगची टोपी काढावी, तींत एक जुना प्लग खोंचून तो इंजिनाच्या धातूस पक्का टेकवावा, मग इंजिन सुरू करून कांहीं क्षण आवाज ऐकावा. चालत्या इंजिनावर टोपीस हात लावूं नये. धक्का जबर बसतो. पहिला व तिसरा सिलिंडर तोडतांच इंजिन लंगडें झालें. मधला तोडला तेव्हां फरक अगदीं थोडा पडला. नंतर पहिल्या व दुसऱ्याचे प्लग अदलाबदल करून पाहिले. दोष प्लगाबरोबर पहिल्याकडे गेला नाहीं, मधल्यापाशींच राहिला. प्लग सुटला.

त्या रात्रीं गाडी उघड्या अंगणांत आणली (बंद पडवींत इंजिन चालविल्यास विषारी धूर कोंडून माणूस दगावतो), पेट्रोलचा वास कोठें येत नाहीं याची खात्री केली आणि सर्व दिवे मालविले. पुतण्यानें गाडींत बसून इंजिन जरा जोरांत चालविलें. मधल्या टोपीपासून इंजिनापर्यंत निळा दोरा लखलखत होता. टोपी काढून पाहिली तों रबरावर पक्कडीच्या दातांचें भोंक! नवी वायर घातली आणि झटके समूळ गेले. इंजिनांतील ऑइलास मात्र न जळलेल्या पेट्रोलचा वास लागला होता. तसें ऑइल पातळ होऊन इंजिन झिजवतें, म्हणून तेंही बदललें. टोपी नेहमीं बोटांनीं धरून किंचित् फिरवीत काढावी. वायर ओढूं नये, हत्यार लावूं नये.

वायरींची अदलाबदल ही आणखी एक नेहमींची चूक. या तीन सिलिंडरांच्या इंजिनांत ठिणगीचा क्रम १-३-२, बहुतेक चार सिलिंडरांत १-३-४-२ असतो. क्रम चुकला तर कार्बोरेटरांतून फटाका वाजतो. म्हणून एका वेळीं एकच वायर काढावी. प्लग थंड इंजिनावरच फिरवावा, हातानें बसेल तितका बसवावा, आणि नवा प्लग असल्यास पान्यानें सुमारें अर्धा वेढा द्यावा. पाना तिरपा झाल्यास चिनी मातीस केंसाएवढी चीर पडते व ती डोळ्यांस दिसत नाहीं.

डिझेलच्या इंजिनास हें लागूं नाहीं, कारण तेथें ठिणगीच नाहीं. किर्लोस्करांनीं १९४६ सालीं पुण्यास ऑइल इंजिनांचा कारखाना काढल्यापासून आपला शेतकरी त्या जातीस ओळखतो. फिल्टर बदलल्यावर तें अडखळलें तर नळींतील हवा काढावी, हें विहिरीवरचा गडीही सांगेल.

नव्या पेट्रोल मोटारींत मात्र प्रत्येक प्लगावर स्वतंत्र कॉइल असते व दोषाची नोंद गाडीचा संगणक ठेवतो. गॅरेजांतील यंत्र जोडल्यास ‘पी ०३०२’ असा आंकडा निघाला तर दुसरा सिलिंडर समजावा. तेथेंही शेवटचा फेरफार आधीं पाहावा: कॉइलची खटक्याची जोडणी पुरती बसली आहे कीं नाहीं. बसली असल्यास इंजिन बंद ठेवून दोन कॉइली अदलाबदल कराव्या व आंकडा बदलतो का पाहावें. चालू इंजिनावर कॉइल उपसूं नये. समोरचा इंजिनाचा पिवळा दिवा स्थिर न राहतां लुकलुकूं लागला, तर जोर ताबडतोब कमी करावा. न जळलेलें पेट्रोल धुराच्या नळींतील शुद्धीकरणाच्या डब्यांत जाऊन पेटतें व डबा लाल होईपर्यंत तापतो. अशी गाडी सोयाबीनच्या काडावर, उसाच्या पाचटावर किंवा कडब्याच्या गंजीजवळ उभी करूं नये. मोकळ्या, उघड्या जमिनीवर थांबवून इंजिन बंद करावें.