एलईडी प्रिंटरच्या छपाईत पांढरी रेघ का उमटते?

मुल्लानपूर (न्यू चंदीगड, पंजाब) : मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राने उभारलेले ३०० खाटांचे होमी भाभा कर्करोग रुग्णालय येथे २४ ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्राला समर्पित करण्यात आले. कर्करोगाच्या रुग्णाला छापील अहवाल घेऊन अनेकदा एका डॉक्टरांकडून दुसऱ्यांकडे जावे लागते. अहवालातील दशांश चिन्ह पुसट झाल्यास ४.५ हा आकडा ४५ असा वाचला जाण्याचा धोका असतो. त्यामुळे छपाईचा दर्जा ही केवळ सौंदर्याची बाब राहत नाही.

लेझर प्रिंटरमध्ये प्रकाशकिरण फिरत्या आरशाच्या साहाय्याने ड्रमवर ओळी रेखाटतो. एलईडी प्रिंटरच्या प्रिंट हेडमध्ये मात्र कागदाच्या रुंदीइतकी सूक्ष्म दिव्यांची स्थिर रांग असते. इंचाला ६०० ठिपके धरल्यास ए-४ कागदासाठी सुमारे ४,९६० दिवे लागतात. त्यांपैकी एखादा मंद असल्यास कागद सरकण्याच्या दिशेने फिकट रेघ उमटते. हे टाळण्यासाठी प्रत्येक दिव्याचा प्रकाश कारखान्यात मोजून त्याचा विद्युतप्रवाह अथवा प्रज्वलनाचा कालावधी जुळवला जातो.

प्रकाश ड्रमवर केंद्रित करणाऱ्या भिंगांवर टोनरची धूळ बसल्यासही पांढरी रेघ येते. प्रिंटर बंद करून, तो थंड झाल्यावर, मऊ कोरड्या कापडाने भिंगांची पट्टी हळुवार पुसल्यास हा दोष बहुधा दूर होतो. ठरावीक अंतराने पुन्हा उमटणारा डाग मात्र ड्रम किंवा रोलर खराब झाल्याचे सुचवतो.