जड पाण्याचा संसार

शाळेत असताना शास्त्राच्या पुस्तकात पाण्याचे दोन प्रकार शिकवीत : सुफेन आणि दुष्फेन. ज्यात साबणाला सहज फेस येतो ते सुफेन, आणि जे त्या कामी हट्टीपणा करते ते दुष्फेन. मराठीचा प्राध्यापक म्हणून मला हे दोन्ही शब्द फार आवडत. पण शब्द आवडणे वेगळे आणि त्या शब्दाने नळातून घरात येऊन ठाण मांडणे वेगळे, हे समजायला चाळिशी उलटावी लागली.

तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात आम्ही सदाशिव पेठेतली भाड्याची जागा सोडली आणि नगर रस्त्याच्या बाजूला, एका नव्या वसाहतीत, स्वतःच्या घरात राहायला आलो. पेठेत जागा चिमुकली, पण पाणी खडकवासल्याचे. इकडे खोल्या ऐसपैस, गच्ची, मोकळा वारा. आणि पाणी मुख्यतः बोअरचे, उन्हाळ्यात टँकरचे. पाणी दिसायला अगदी नितळ. त्या नितळपणालाच आम्ही फसलो.

पहिला मोठा सण आला तो होळीचा. आईने रात्री हरभऱ्याची डाळ भिजत घातली, सकाळी कुकरला लावली. चार शिट्ट्या झाल्या, डाळ टणक. आणखी चार झाल्या, तरी बोटाने दाबली की आत कणी लागे. पुरणयंत्राचा दांडा फिरेना. कशीबशी पाट्यावर वाटून पोळ्या लाटल्या, त्या तव्यावर फाटल्या. आई तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची होती. पन्नास वर्षे तिच्या पुरणाला कोणी नाव ठेवलेले नव्हते. ती एवढेच म्हणाली, “माझा हात गेला रे आता.” आम्ही डाळीला दोष दिला, वाण्याला दिला, कुकरच्या रबराला दिला. पुढच्या सणाला तिनेच सांगितले, “पुरण तेवढं विकत आणा.” त्या दिवसापासून ती स्वयंपाकघरात थोडी पाहुण्यासारखी वागू लागली. आमटीसुद्धा “तूच टाक” म्हणून सुनेवर सोपवी. घर बदलले की वडीलधारी माणसे जरा गप्प होतात, अशी मी माझी समजूत घालून घेतली. प्राध्यापकाला समजूत घालून घेणे लवकर जमते.

पाण्याचे खरे रूप उघडे पडले ते नरकचतुर्दशीला. पहाटे तेल-उटणे लावून बसलो आणि गीझर मुका! शेवटी गॅसवर पातेली चढवून अभ्यंगस्नाने उरकली. दिवाळीनंतर दुरुस्तीवाला आला. त्याने गीझर उतरवून उपडा केला, तेव्हा त्यातून अर्धे घमेले भरेल इतक्या पांढऱ्या कपच्या बाहेर पडल्या. आतली तापणारी कॉइल दिसेचना. तिच्यावर बोटभर जाडीचे पांढरे कवच, आणि कवचाखाली नळी तडकलेली. “साहेब, गीझरची चूक नाही, हा तुमच्या पाण्याचा प्रसाद,” असे म्हणून त्याने नव्या कॉइलचे पैसे घेतले.

मग घरातल्या एकेका वस्तूचा उलगडा होऊ लागला. शॉवरची निम्मी भोके बुजलेली. वाफेच्या इस्त्रीतून वाफेऐवजी पांढरी भुकटी पडे. धुलाईयंत्रातून निघालेले टॉवेल पापडासारखे ताठ, आणि ही दर महिन्याला साबणाची पूड वाढवीत होती. पिण्याचे पाणी गाळणाऱ्या यंत्राचा पडदा वर्षाच्या आतच चोंदलेला. या साऱ्याचा हिशेब मी मांडला आणि अर्ध्यावरच मिटवून ठेवला.

आमच्या महाविद्यालयात रसायनशास्त्राचे एक स्नेही आहेत. त्यांच्याकडे दोन बाटल्या घेऊन गेलो, एक आमच्या नळाची आणि दुसरी पेठेतल्या जुन्या शेजाऱ्यांकडची. त्यांनी पाण्यात एका रंगद्रव्याचे चार थेंब टाकले. पाणी द्राक्षासवासारखे लाल झाले. मग वरच्या नळीतून थेंबथेंब द्राव सोडायचा आणि लालाचे निळे केव्हा होते ते पाहायचे. पेठेचे पाणी थोड्याच थेंबांत निळे झाले. आमचे पाणी होईचना! अखेर आकडा निघाला : लिटरला ४६० मिलिग्रॅम. भारतीय मानकाप्रमाणे (२०१२ चे) पिण्याच्या पाण्यात हा आकडा २०० च्या आत असावा. दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावे. “म्हणजे प्यायला अपाय नाही,” ते म्हणाले, “जागतिक आरोग्य संघटनेनेसुद्धा जडपणाला आरोग्याच्या कारणाने मर्यादा घातलेली नाही. माणसे टिकतात, भांडी टिकत नाहीत.”

कारण त्यांनी सांगितले ते असे. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेते आणि किंचित आंबट होते. आपला दख्खनचा काळा पाषाण कॅल्शियम-मॅग्नेशियमने भरलेला. त्या आंबट पाण्यात हे क्षार हळूहळू विरघळतात. धरणाचे पाणी सह्याद्रीवरच्या पावसाचे, खडकाला ओझरते भेटून आलेले. बोअरचे पाणी मात्र खडकाच्या फटींत वर्षानुवर्षे मुक्काम करून येते. ते तापवले की विरघळलेला वायू निसटतो आणि चुना खाली बसतो, तोही जिथे सर्वांत जास्त तापते तिथे, म्हणजे कॉइलवर. चुन्याच्या थरातून उष्णता नीट बाहेर पडत नाही, विजेचे बिल वाढते, आणि आतल्या आत तापून कॉइल तडकते. जुन्या वाड्यांच्या भिंती याच मुलखातल्या चुनखडीच्या चुन्याने बांधल्या. आता तोच चुना आमच्या गीझरात बांधकाम करीत होता.

“आणि डाळ?” मी सहज विचारले. ते हसले. डाळीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारे पेक्टिन असते. कॅल्शियम त्याला जाऊन मिळाला की ते घट्ट होते. मग शिट्ट्या दहा करा की बारा.

मी घरी आलो ते जवळजवळ धावतच. आईला सांगितले, “तुझा हात कुठेही गेलेला नाही. पाणी जड आहे.” तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले. “मग हे आधी नाही का सांगायचं? माझ्या माहेरी विहिरीचं पाणी असंच होतं. बंबाला आतून खापरी धरायची. आम्ही डाळीला पाणी उकळून, निवळून घेत असू.” एवढे बोलून ती उठली आणि शॉवरचे तोंड काढून चिंचेच्या कोळात घालून ठेवले. सकाळी भोके मोकळी! स्नेह्यांनी यासाठी मला लिंबूसत्त्व कोमट पाण्यात घालायला सांगितले होते. दोहोंत काम आम्लाचेच. चुन्याला लागले की फसफसते आणि थर सुटतो.

वसाहतीच्या सभेत मी हा विषय काढला. सगळ्यांचे गीझर असेच गेले होते आणि प्रत्येकाने आपापल्या कंपनीला शिव्या मोजल्या होत्या. सर्वांनी मिळून पाणी मृदू करणारे यंत्र बसवावे असे ठरले. त्यात राळेचे बारीक मणी असतात. ते पाण्यातला कॅल्शियम धरतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी थकले की मिठाचे पाणी देऊन त्यांना ताजे करायचे. ठराव होणार, सही करणार, तेवढ्यात मला ‘सोडियम’ हा शब्द टोचला. आईचा रक्तदाब वाढलेला. डॉक्टरांनी मीठ तोडलेले, लोणचे-पापड बंद. स्नेह्यांना तिथूनच फोन केला. शंभर मिलिग्रॅम जडपणा काढला की पाण्यात शेहेचाळीस मिलिग्रॅम सोडियम येते. म्हणजे आमच्या पाण्याच्या लिटरला दोनशेच्या वर. ताटातले मीठ तोडायचे आणि पेल्यातून पाजायचे! वसाहतीत अशी वडील मंडळी घरोघर होती. दोन तास वाद झाला, नळकामाचा खर्च वाढतो म्हणून एक गृहस्थ उठूनही गेले. पण शेवटी स्वयंपाकघराचा नळ वेगळा ठेवायचा आणि मृदू पाणी फक्त न्हाणीघरांना व धुण्याला द्यायचे असे ठरले. यंत्रातून निघणारे खारे पाणी बागेत सोडू नये, जमीन बिघडते, हेही इतिवृत्तात घातले. गच्चीवरचे पावसाचे पाणी गाळून बोअरमध्ये सोडण्याचे काम यंदा झाले आहे. जडपणात त्याने किती फरक पडतो ते उन्हाळ्यात कळेल.

घरात आम्ही गीझरचा काटा साठाच्या खाली आणला, कारण त्यावर तापवले की चुना भराभर बसतो. वर्षातून एकदा गीझर उघडून साफ करवून घेतो, दिवाळीच्या आधी.

त्यानंतरच्या होळीला आईने आदल्या दुपारीच मोठे पातेले चढवले. पाणी चांगले उकळले, रात्रीपर्यंत निवत ठेवले, तळाशी पांढरा साका बसला तो न हलवता वरचे पाणी फडक्यातून गाळून घेतले. त्यातच डाळ भिजवली, त्यातच शिजवली, चिमूटभर सोडा घालून. आम्ही सगळे निमित्त काढून स्वयंपाकघरात घुटमळत होतो. कुकर उघडला, डाळ बोटाखाली लोण्यासारखी. पुरणयंत्राचा दांडा गरगर फिरला. पहिली पोळी माझ्या पानात आली, वर तुपाची धार. मी घास घेतला आणि मान डोलावणार, तोच आई म्हणाली, “जायफळ जरा कमीच पडलंय, नाही?”