गप्पा मारत पळा, पण जॅकेट बरोबर ठेवा

अल्ट्रामॅरेथॉनचं नाव निघालं की डोळ्यांसमोर उभा राहतो तो एकटाच दातओठ खात पळणारा, रापलेला माणूस. प्रत्यक्षात रविवारी पहाटे पुण्याच्या वेताळ टेकडीवर किंवा सिंहगडाच्या आतकरवाडीच्या वाटेवर जाऊन बघा. या शर्यतींची तयारी करणारी मंडळी चार-पाच जणांच्या टोळक्यानं, ऑफिसच्या उखाळ्यापाखाळ्या काढत चाललेली दिसतील. आणि चढ आला की त्यातले बहुतेक चक्क चालायला लागतात. बघणारा मनात म्हणतो, हे कसलं ट्रेनिंग?

हेच ट्रेनिंग. 42.195 किलोमीटरच्या पुढचं कुठलंही अंतर म्हणजे अल्ट्रा. रूढ अंतरं 50 किलोमीटर, 100 किलोमीटर आणि 100 मैल. दहा-वीस तास पाय हलते ठेवायचे तर स्नायूंना ऑक्सिजन वापरून चरबी जाळण्याची सवय हवी, आणि ती सवय मुख्यतः संथ पळण्यातूनच लागते. म्हणून आठवड्यातलं बरंचसं पळणं अशा वेगानं करायचं असतं, की धाप न लागता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. मनगटावरचं घड्याळ ठोके मोजताना चुकू शकतं. शेजारी पळणारा मित्र मात्र लगेच सांगतो. कालच्या मॅचची हकिगत सांगताना वाक्य मध्येच तुटायला लागलं की समजावं, वेग जास्त झाला. उलटंही होतं. ग्रुपमध्ये दोघांची ईर्ष्या लागली की रविवारच्या निवांत पळण्याची शर्यत होते, आणि बुधवारपर्यंत सगळ्यांचेच पाय जड. असा ग्रुप सरळ बदलावा.

चढावर चालणं म्हणजे हार मानणं, हाही असाच समज. चढ साधारण 15 अंशांपेक्षा तीव्र झाला की तेवढीच उंची तेवढ्याच वेळात गाठायला पळण्यापेक्षा चालण्यात कमी ऊर्जा लागते, हे प्रयोगशाळेत मोजलेलं आहे. आल्प्समधल्या यूटीएमबी या नामांकित शर्यतीत 170 किलोमीटरहून जास्त अंतर आणि सुमारे 10,000 मीटर चढाई असते, वेळमर्यादा साडेसेहेचाळीस तासांची. भागाकार करून पाहा: अगदी शेवटच्या मिनिटाला पोहोचणाऱ्याला ताशी चार किलोमीटरही पडत नाहीत. तो भरपूर चाललेला असतो, आणि शर्यत पूर्ण करणाऱ्यांत त्याचीही गणना होते.

खरी परीक्षा असते उतरताना. सिंहगड उतरून आल्यावर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या जो काही त्रास देतात, त्याचं खापर अजूनही ‘लॅक्टिक ॲसिड साचलंय’ म्हणून फोडलं जातं. लॅक्टेट तर पळणं थांबल्यावर तासाभरात पूर्वपदावर येतं. उतारावर मांडीचा स्नायू शरीराचं वजन पेलत पेलत ताणला जातो, त्यात सूक्ष्म इजा होतात, आणि त्यांचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं. तोच स्नायू पुन्हा पुन्हा उतारावर नेला की दुखणं कमी होत जातं. तेव्हा गड चढून गाडीनं खाली येणाऱ्यांची तयारी अर्धीच होते.

घरच्यांची काळजी गुडघ्यांची. झिजतील म्हणतात. 2017 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षानुसार गुडघा आणि खुब्याचा संधिवात हौशी धावकांत 3.5 टक्के, तर न पळणाऱ्या बैठ्या लोकांत 10.2 टक्के आढळला. पण स्पर्धात्मक पातळीवर पळणाऱ्यांत तो 13.3 टक्के होता, हेही त्याच अभ्यासात आहे. हौशी धावकांचा आकडा सांगून हा गाळणारे अनेक भेटतात.

पाण्याबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं. ‘तहान लागायच्या आधी पीत राहा’ हा सल्ला मित्र मित्राला प्रेमानं देतो, आणि तो घातक ठरू शकतो. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या 488 धावकांपैकी 13 टक्क्यांच्या रक्तात सोडियम गरजेपेक्षा कमी निघालं, आणि त्याचा सर्वांत ठळक संबंध होता शर्यतीत वजन वाढण्याशी, म्हणजेच जास्त पाणी पिण्याशी. मळमळ, डोकेदुखी, भ्रमिष्टासारखं बोलणं ही लक्षणं बघून सोबती म्हणतात, ‘याला अजून पाणी पाजा.’ तहानेप्रमाणे प्या. सोबत मीठ लावलेला उकडलेला बटाटा, चिक्की, खजूर ठेवा. आणि दुखतंय म्हणून पळता पळता आयबुप्रोफेनची गोळी घेऊ नका. शरीरातलं पाणी कमी असताना तिचा भार मूत्रपिंडावर पडतो.

आता सगळ्यांत महागात पडणारा समज: ‘आपण पाच जण आहोत ना, मग काय होतंय?’ 22 मे 2021 रोजी चीनच्या गान्सू प्रांतात 100 किलोमीटरच्या शर्यतीत 172 जण उतरले होते. दुपारी डोंगरावर गारा, पाऊस आणि सोसाट्याचा वारा सुटला आणि 21 जण गारठून मृत्युमुखी पडले. त्यांत लिआंग जिंगसारखा चीनचा अव्वल अल्ट्राधावक होता. वारा अडवणारं जॅकेट सक्तीच्या सामानात नव्हतं. एका मेंढपाळानं सहा जणांना गुहेत नेऊन शेकोटी केली, म्हणून ते वाचले.

आपल्याकडे कुठे एवढी थंडी, असं म्हणू नका. जुलैत कात्रज-सिंहगडच्या उघड्या धारेवर पळताना अंगात ऊब असते ती स्नायूंच्या कामाची. एकाचा पाय घसाऱ्यावर मुरगळतो, बाकीचे त्याच्याभोवती थांबतात, आणि ओल्या टी-शर्टवर वारा लागून दहा मिनिटांत सगळ्यांचे दात वाजायला लागतात. मित्र सोबत असल्यामुळेच थांबावं लागतं. म्हणून जॅकेट प्रत्येकाच्या पाठीवर हवं, पाच जणांत एक नव्हे.

दुसरी गोष्ट, पाच जण पळताना पाच जण एकत्र राहतच नाहीत. धुक्यात पुढच्याची पाठ दिसेनाशी होते आणि मागचा ढोरवाटेनं भलत्याच ओढ्यात उतरतो. वाट फुटेल तिथे मागचा येईपर्यंत थांबायचं, आणि शेवटी वाट माहीत असलेला गडी ठेवायचा, हा ट्रेकर मंडळींचा जुना नियम धावकांनी ‘वेळ मोडते’ म्हणून सोडू नये.

शर्यतीतही मित्र सोबत पळेलच असं धरून चालू नका. कॅलिफोर्नियाच्या वेस्टर्न स्टेट्स शर्यतीत साधारण 100 किलोमीटरनंतर सोबत्याला परवानगी आहे, यूटीएमबीत अजिबात नाही. नियमावली आधी वाचा.

येत्या रविवारी निघण्यापूर्वी मार्ग आणि परतायची वेळ घरी लिहून पाठवा. धारेवर कुठल्याच नेटवर्कची रेंज नसली तर 112 आणि 108 हे मदतीचे दोन्ही क्रमांक लागत नाहीत. तेव्हा शिट्टीही घ्या.