बटाट्याचे कलम : मुळांवर हुकूम कुणाचा?
एका वाणाचा शेंडा दुसऱ्याच्या खुंटावर चढवला की मुळांची वाढ खुंटच ठरवणार, हा समज अपुरा आहे. पानांत तयार होणारा ‘बेल-५’ जनुकाचा आरएनए कलमाचा सांधा ओलांडून खाली उतरतो, हे २००६ साली दिसले. तो मुळांत पोचला की मुळे जोर धरतात, हे पुढे आढळले. यावर शंका येईल, जोमदार शेंडा साखरच जास्त पुरवत असेल. साखरेचा वाटा आहेच. पण लहान दिवसांत फुलणाऱ्या तंबाखूचा शेंडा बटाट्यावर बांधला, तर लहान दिवसांत, म्हणजे उजेड कमी असतानाच, खाली बटाटे धरतात. (बटाटा म्हणजे मूळ नव्हे, फुगलेले खोड, तरी निरोप वरूनच येतो.) अर्थात खुंटाचे स्वतःचे जनुक बदलत नाहीत.