मोटारीपर्यंत व्होल्टेज किती पोचते?



उन्हाळा लागला की गट ऑफिसात एकच गाऱ्हाणे येते. मोटार जळाली, ऊस सुकतोय. बोट मात्र दरवेळी वीज कंपनीकडे. पुष्कळदा ते खरेही असते. पण काही ठिकाणी आम्ही मीटर घेऊन गेलो तेव्हा चोर आपल्याच बांधाखाली सापडला.

नदीकाठच्या एका सभासदाचे उदाहरण घ्या. मीटरपेटी रस्त्याकडेला, मोटार 400 मीटर लांब काठावर, 5 एच.पी.ची. मधली केबल 4 स्क्वेअर एम.एम. ॲल्युमिनियमची. पूर्वी मोटार 3 एच.पी.ची होती तेव्हा टाकलेली, ती तशीच राहिली. दोन वर्षांत तीनदा वायंडिंग झाले. आम्ही मोटार चालू ठेवून वायरमनकडून मोजून घेतले. पेटीवर 400 व्होल्ट, मोटारीवर 358. म्हणजे 42 व्होल्ट वाटेतच मुरले!

बारीक पाइपातून लांबवर पाणी नेले की शेवटी धार मंदावते, तसेच हे आहे. वायर जितकी लांब आणि बारीक, तितकी गळती जास्त. एक फरक ध्यानात ठेवा. मोटार बंद असताना मोजाल तर दोन्हीकडे व्होल्टेज सारखेच दिसेल, कारण वायरीतून करंटच वाहत नाही. मग आपण म्हणतो, "केबल चांगली आहे की!" म्हणून मोजायचे ते मोटार पाणी ओढत असतानाच.

व्होल्टेज कमी झाले तरी पंपाला पाणी तितकेच उचलायचे असते. मग मोटार करंट जास्त ओढते. या मळ्यात 8 ऐवजी 9 अँपिअर भरला. जास्त करंटाने वायरीतली गळती आणखी वाढते आणि वायंडिंग तापते. शिवाय मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. 415 च्या जागी 358 मिळाले की जोर पाऊणच उरतो. सुरू होताना करंट सहापटीच्या आसपास जातो, तेव्हा तर ती नुसती गुणगुणते, फिरत नाही. अशा वेळी ओव्हरलोड रिले ट्रिप होतो तो मोटार वाचवायला. तो वाढवून ठेवणे किंवा दोऱ्याने बांधणे म्हणजे कुत्र्याचे तोंड बांधून घर उघडे टाकणे.

हिशोब कागदावर करता येतो. ॲल्युमिनियम केबलचा 100 मीटरचा रोध 4 एम.एम.ला 0.74 ओहम, 6 ला 0.46, 10 ला 0.31 आणि 16 ला 0.19. याला अंतराचे शेकडे, अँपिअर आणि 1.73 ने गुणा. थ्री फेजची गळती व्होल्टमध्ये मिळते. प्रत्यक्षात ती थोडी इकडेतिकडे होते. आमच्या उदाहरणात 4 एम.एम.ला 46 येते, 10 ला 17 आणि 16 ला साडेदहा. गळती तीन टक्के, म्हणजे 12 व्होल्टच्या आत असावी असे आम्ही धरतो, म्हणून तिथे 16 ची केबल टाकली. तांबे घ्यायचे तर 6 एम.एम. तांबे 10 एम.एम. ॲल्युमिनियमच्या बरोबरीचे.

कोणी म्हणेल, 2024 पासून साडेसात एच.पी.पर्यंतचे बिल सरकार भरते, मग वीज वाया गेली तर आपले काय गेले? जुन्या केबलमध्ये जवळजवळ एक एच.पी. शक्ती नुसती वायर तापवण्यात जात होती, ते सोडा. वायंडिंगचे पैसे सरकार देत नाही, आणि मोटार दुरुस्तीला गेली की चुकलेली पाळी परत येत नाही.

केबल बदलण्याआधी जोड बघा. मेन बंद करून, वायरमनसमोर. तांबे आणि ॲल्युमिनियम नुसते पिळून जोडले असेल तर तो जोड गंजतो, तापतो, आणि एका फेजला व्होल्टेज कमी पडते. तिथे बायमेटल लग हवा. कपॅसिटर असेल तर तो मोटारीजवळ असावा. मीटरपेटीपाशी बसवला तर आपल्या केबलमधला करंट त्याने कमी होत नाही.

मोटार चालू असताना पेटीवरच व्होल्टेज कमी असेल, तर मात्र जाड केबल टाकून फारसा उपयोग नाही. दोन्ही आकडे, तारीख आणि वेळ लिहून वीज कंपनीकडे लेखी अर्ज द्या. नुसत्या तोंडी तक्रारीपेक्षा त्याला वजन येते. मोजणीसाठी गट ऑफिसात मीटर ठेवला आहे. येताना केबलची लांबी पावलांनी मोजून आणा.